येडशीच्या चौकातली न्याहारी

सकाळी साडेसहाच्या सुमारास येडशीच्या चौकात एसटीची नाहीतर जीपची वाट पाहत जी माणसे उभी असतात, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी घरून काही खाऊन पाय उचललेला असतो. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग आणि लातूरहून बार्शीला जाणारा रस्ता या गावात एकमेकांना भेटतात. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कामाचे टप्पेही इथेच पडले, सोलापूर ते येडशी एक आणि येडशी ते छत्रपती संभाजीनगर दुसरा. त्याआधी शंभर वर्षे बार्शी लाइटची छोटी गाडी इथून लातूरला जात होती. थोडक्यात, हे थांबण्याचे गाव आहे, आणि थांबलेल्या माणसाला भूक लागते.

या चौकात धाराशिवला कॉलेजला निघालेली मुले असतात, रात्रभर गाडी चालवून डोळे तांबारलेले ड्रायव्हर असतात, बांधकामावर जाणारे मजूर असतात. हातात फाइल आणि औषधांची पिशवी घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्याकडे निघालेले म्हातारे जोडपेही असते. सगळ्यांच्या खिशात न्याहारीसाठी वीस-तीस रुपये. एवढ्या पैशांत पोट भरते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्याच पैशांत शरीराच्या कामाचे काय मिळते आणि ते ओळखायचे कसे.

चौकातल्या हॉटेलांत आणि गाड्यांवर सकाळी जे दिसते ते मराठवाड्यातल्या कुठल्याही फाट्यावर दिसते. कढईत वडे आणि भजी, परातीत पोहे, पातेल्यात सुशीला, कुठे पुरीभाजी, कुठे मिसळ. चहा सगळीकडे.

वडापावापासून सुरुवात करू, कारण डॉक्टर मंडळी त्याला उठताबसता शिव्या देतात आणि त्यातल्या काही अनाठायी असतात. वड्याचे आवरण डाळीच्या पिठाचे असते, म्हणजे त्यात थोडी प्रथिने आहेत. गरम तेलातून नुकताच निघालेला वडा जंतूंच्या दृष्टीने उघड्यावर चिरून ठेवलेल्या फळापेक्षा सुरक्षित असतो. अडचण त्याच्या सोबत्यांची आहे. आत बटाटा, बाहेर मैद्याचा पाव, म्हणजे पिठूळ पदार्थावर पिठूळ पदार्थ. मैद्यात तंतू नावालाच उरलेले असतात, म्हणून ही साखर रक्तात झपाट्याने चढते आणि दोन-अडीच तासांत पुन्हा भूक लागते. मग दुसरा चहा, तिसरा चहा, सोबत बिस्किटे.

दुसरी अडचण कढईची. तेच तेल सकाळपासून दुपारपर्यंत आणि संध्याकाळी पुन्हा तापत राहिले की त्याची रासायनिक मोडतोड होते. त्यातून तयार होणाऱ्या घटकांना ध्रुवीय संयुगे म्हणतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम लावला, की वापरलेल्या तेलात अशा संयुगांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेले तर ते तेल पुन्हा वापरायचे नाही. ते मोजायचे यंत्र गिऱ्हाइकाकडे नसते. डोळे आणि नाक मात्र असते. तेल काळपट झाले आहे, काकवीसारखे जड वाहते आहे, मंद आचेवरही धूर सोडते आहे, वडा सोडल्यावर फेस येऊन तो लवकर बसत नाही, यातले काहीही दिसले तर त्या कढईतले खाऊ नये. सकाळचा पहिला घाणा संध्याकाळच्या शेवटच्या घाण्यापेक्षा बरा, एवढे साधे सूत्र पुरते. आणि भजी वर्तमानपत्राच्या कागदावर घेऊ नयेत. छपाईच्या शाईतले घटक गरम तेलात सहज उतरतात, आणि अन्न बांधायला छापील कागद वापरण्यास कायद्याने बंदी आहे. वर्तमानपत्रातच हे लिहावे लागते याला इलाज नाही. पेपर वाचावा, त्यावर भजी ठेवू नयेत.

आता सुशीला. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे एखाद्या बाईचे नाव वाटते. लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या माणसाला ते सांगावे लागत नाही. चुरमुरे पाण्यात भिजवून घट्ट पिळायचे, कांदा, हिरवी मिरची, हळद आणि शेंगदाण्यांच्या फोडणीत परतायचे आणि वरून डाळव्याचे कूट भुरभुरायचे. करायला दहा मिनिटे, पचायला हलकी, खिशाला परवडणारी. चुरमुरे पिळले जातात तेव्हा त्यांच्यातले थोडे मीठही पाण्याबरोबर निघून जाते. चुरमुरे मीठ लावूनच भाजलेले असतात, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी लक्षात ठेवावे. सुशीला करताना वरून मीठ हात राखून घालावे, ते याचसाठी.

या पदार्थाचा जीव चुरमुऱ्यांत नाही. पन्नास ग्रॅम चुरमुरे म्हणजे मोठी प्लेट होते, पण त्यात प्रथिने चार ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. तांदूळ फुलवला की त्यातला पिष्टमय भाग पचायला फार सोपा होतो, म्हणून नुसते चुरमुरे साखर भराभर वाढवतात. त्यात दहा ग्रॅम शेंगदाणे आणि पंधरा ग्रॅम डाळवे पडले की प्रथिने नऊ-दहा ग्रॅमपर्यंत जातात, तंतू वाढतात, शेंगदाण्यातल्या तेलामुळे पोट सावकाश रिकामे होते. पातेले तेच, प्लेटही तीच, फरक एका मुठीचा. हॉटेलवाला घाईत असला किंवा महागाईने हात आखडला की पहिली काटछाट होते ती याच मुठीत, आणि गिऱ्हाईक काही बोलत नाही. “मामा, वरून डाळं जरा जास्त टाका” एवढे म्हणायला काही लागत नाही. पाच रुपये जादा मागितले तरी द्यावेत. त्या पाच रुपयांचा चहा आणखी एकदा पिण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

पोह्यांचेही गणित असेच. शेंगदाणे आणि लिंबू असतील तर पोहे चांगली न्याहारी आहे. नुसते पिवळे पोहे आणि वर शेव, हे तांदळावर तळण झाले.

येडशीत चौकाबाहेरची आणखी एक न्याहारी आहे, ती श्रावणातली. गावाजवळच्या घाटात रामलिंगाचे देऊळ आहे, भोवती सुमारे २२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य. टिपेश्वरच्या जंगलातून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात दिसला तेव्हापासून हे नाव राज्यभर झाले, पण आसपासच्या लोकांची श्रावणी सोमवारची वाट फार जुनी आहे. त्या दिवशी सगळीकडे साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा हा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिने नाहीत. तिथेही लाज राखतो तो शेंगदाण्याचा कूटच. मधुमेह असलेल्यांनी खिचडी अर्धी वाटी खावी आणि बरोबर दही किंवा ताक घ्यावे. माकडांच्या देखत हातात पुडी धरू नये, हा सल्ला वैद्यकीयच समजावा. माकडाने ओरबाडले किंवा चावले तर रेबीजची लस घ्यावी लागते.

आता धपाट्यांकडे येऊ. ती चौकातल्या हॉटेलांत क्वचितच दिसतात. ती असतात पिशवीत, फडक्यात बांधलेली. ज्वारीचे पीठ, त्यात थोडे डाळीचे, थोडे गव्हाचे, लसूण, मिरची, जिरे, तीळ, कोथिंबीर. ओल्या फडक्यावर हाताने थापायचे आणि तसेच उचलून तव्यावर घालायचे. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. गुंडाळी करून एका हातात धरून खाता येते, म्हणून शेताच्या बांधावर आणि एसटीच्या खिडकीत दोन्हीकडे सोयीचे.

जगात अशी एका हातात धरून खायची सकाळची भाकरी बऱ्याच ठिकाणी आहे. सध्या आपल्याकडच्या शहरांतल्या मुलांना माहीत झालेली म्हणजे मेक्सिकोची. तिथे मक्याच्या पातळ भाकरीत घेवड्याची उसळ, अंडे किंवा मांस घालून ती दुमडतात आणि त्याला टाको म्हणतात. रस्त्याकडेच्या गाड्यांवर सकाळी कामाला जाणारी माणसे उभ्याउभ्या हेच खातात. मजुराची न्याहारी ती, महागड्या हॉटेलांत नंतर गेली. तिच्यामागे एक वैद्यकीय गोष्ट आहे, आणि ती फिरून आपल्या ज्वारीपर्यंत येते.

मेक्सिकोतली भाकरी साध्या मक्याच्या पिठाची नसते. मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन साले काढतात आणि मग वाटतात. चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. ही रीत तिथे हजारो वर्षांची आहे. मक्यात नायसिन नावाचे ब गटातले जीवनसत्त्व असते, पण ते इतके घट्ट बांधलेले असते की आपले आतडे ते सोडवू शकत नाही. चुना ते मोकळे करतो. वर घेवड्याची जोड असली की उरलेली कसर भरून निघते.

मका अमेरिकेतून युरोपात गेला, चुना मागे राहिला. स्पेनच्या उत्तरेला आणि पुढे इटलीत गरीब शेतकरी नुसत्या मक्यावर जगू लागले आणि एक नवाच रोग दिसू लागला. उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावर, हातांवर, गळ्याभोवती कातडी काळी पडून सोलपटायची, जुलाब लागायचे आणि शेवटी माणसाला भ्रम व्हायचा. गळ्याभोवती हारासारखा पट्टा उठतो याचे वर्णन गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने १७३५ मध्ये केले. इटलीतल्या फ्रापोली यांनी १७७१ मध्ये त्याला पेलाग्रा हे नाव दिले, अर्थ खरखरीत कातडी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो लोक याने गेले. हा साथीचा रोग आहे असेच बहुतेकांचे मत होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून चिकाटीने दाखवले की दोष जंतूंचा नाही, ताटाचा आहे. तुरुंगात आणि अनाथालयात आहार बदलला की रोग येतो किंवा जातो, हे त्यांनी सिद्ध केले.

मका न खाणाऱ्या आपल्या भागाचा याच्याशी काय संबंध? दख्खनच्या ज्वारी पट्ट्यात हाच रोग दिसत होता. धाराशिव जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच सुमारास पोषण संशोधन प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादला आली, आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तिथल्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांना दिसले की पेलाग्राचे रुग्ण मका खाणारे नाहीत, ज्वारी खाणारे आहेत. नायसिन शरीरात तयार करण्यासाठी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल लागते, आणि ज्वारीत ते मक्याइतके कमी नसते. मग रोग का? ज्वारीत ल्युसिन हे दुसरे अमिनो आम्ल फार जास्त असते आणि ते नायसिनच्या कामात अडथळा आणते, असा विचार त्यांनी १९६० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात मांडला. ल्युसिनचा नेमका वाटा किती, यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला. रोग कोणाला होतो याबद्दल मात्र वाद नव्हता. ज्याच्या ताटात ज्वारीच्या भाकरीशिवाय दुसरे फारसे काही नाही, त्याला.

ही आठवण आज काढायचे कारण आहे. गेली काही वर्षे ज्वारीचा बोलबाला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हापासून ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचे पोहे, ज्वारीचा पास्तासुद्धा आला. ज्वारी चांगलीच आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतू आणि तेवढीच प्रथिने असतात. पण तिच्या प्रथिनांत लायसिन कमी असते आणि शिजवल्यावर ती प्रथिने पचायला थोडी जडच होतात. डाळींत लायसिन भरपूर. शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये अकरा-बारा मिलिग्रॅम नायसिन असते, ज्वारीत दोनच्या आसपास. दह्यातून ट्रिप्टोफॅन मिळते. धपाट्याच्या पिठात डाळीचे पीठ मिसळणाऱ्या, वर शेंगदाण्याची चटणी आणि दही वाढणाऱ्या आजीला यातला एकही शब्द माहीत नव्हता. पण मेक्सिकोच्या बायकांनी चुना आणि घेवड्याने जे साधले ते तिने डाळीच्या पिठाने आणि शेंगदाण्याने साधले. नुसत्या भाकरीवर मिरची चुरडून खाणाऱ्या घरात ते साधले नाही. आणि ते घर अडाणी होते म्हणून नव्हे, डाळ परवडत नव्हती म्हणून.

दोन मध्यम धपाट्यांना ज्वारीचे पीठ सत्तर ग्रॅम, डाळीचे वीस, गव्हाचे दहा धरा. वाटीभर दही आणि दोन चमचे शेंगदाण्याची चटणी. प्रथिने सतरा-अठरा ग्रॅम भरतात. पंचावन्न किलो वजनाच्या बाईची दिवसाची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबाने सुमारे ४६ ग्रॅम आहे. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सकाळीच आले. घरी हे सगळे वीस-पंचवीस रुपयांच्या आत-बाहेर बसते. चटणी शेंगदाण्याऐवजी जवसाची असली तर वनस्पतींत सहसा न मिळणारी ओमेगा तीन जातीची स्निग्धाम्लेही मिळतात. कारळ्याची असली तरी उत्तम. हुलग्याचे माडगे ज्या घरात अजून होते त्यांनी ते सोडू नये. हुलग्यात एकवीस-बावीस टक्के प्रथिने आणि चांगले लोह असते, आणि हे कडधान्य दुष्काळातही येते.

पेलाग्रा आज क्वचित दिसतो, पण संपलेला नाही. दारूच्या आहारी गेलेल्या, धड न जेवणाऱ्या माणसात तो दिसतो. क्षयाच्या उपचारातले आयसोनियाझिड घेणाऱ्या कुपोषित रुग्णातही कधी दिसतो. गळ्याभोवती आणि दोन्ही हातांच्या पाठीवर सारखीच काळी, खरखरीत कातडी आली असेल तर मलमावर भागवू नये, दाखवून घ्यावे. नायसिनच्या साध्या, स्वस्त गोळ्यांनी आणि आहाराने हा रोग बरा होतो.

मग एवढे चांगले असून धपाटे चौकातल्या हॉटेलात का मिळत नाहीत? पाव पहाटे तयार येतो. वड्याचे सारण रात्री करून ठेवता येते. पोहे-सुशीलेला दहा मिनिटे पुरतात. धपाटे मात्र एकेक थापावे लागते, त्याला हात लागतो, आणि ज्याचा हात चांगला त्याला हॉटेलात मजुरी काय मिळते? शिवाय ज्वारी आता स्वस्त धान्य राहिली नाही. रेशनवर वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ मिळत आला, शेतात सोयाबीनने जागा घेतली, आणि गरिबाची म्हणून हिणवलेली ज्वारी दुकानात गव्हापेक्षा महाग झाली. १९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली होती. राजकारण सोडून नुसते ताट पाहिले तर धान्य आणि डाळीचे पीठ ही जोडी अगदी योग्य होती. केंद्रे टिकली नाहीत. आताची शिवभोजन थाळी दुपारची आहे. सकाळी सहाला चौकात उभ्या असलेल्या माणसासाठी अशी सोय नाही. महामार्गाच्या कडेला बचतगटाच्या बायकांना सकाळी चार तास जागा, पाणी आणि सावली दिली तर धपाटे आणि दही विकले जाईल. हे करायला कुठले मोठे धोरण लागत नाही, ग्रामपंचायतीचा एक ठराव लागतो.

इथे चहाचा विषय टाळता येत नाही. न्याहारीबरोबर चहा ही आपल्याकडची इतकी पक्की जोडी आहे, की ती तोडा म्हणणारा डॉक्टर लोकांना आवडत नाही. पण चहातले टॅनिन धान्य-कडधान्यांतल्या लोहाला धरून ठेवते आणि शोषण निम्म्याहून खाली आणू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक. यातल्या काहींना लोहाच्या गोळ्या मिळतातही, आणि कित्येक जणी त्या चहाच्या घोटाबरोबर गिळतात. चहा सोडायची गरज नाही. तो न्याहारीच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर घ्यावा, आणि न्याहारीवर लिंबू पिळावे. लिंबातले क जीवनसत्त्व उलट काम करते, लोह शोषायला मदत करते. सुशीलेवर लिंबाची फोड ठेवण्याची रीत नुसती चवीची नाही. साखरेचेही मोजावे. हॉटेलच्या एका कपात दोन चमचे साखर सहज असते, म्हणजे दहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर चांगले. तिसऱ्या कपाला ती मर्यादा ओलांडली.

या चौकातल्या गर्दीत ज्यांच्यासाठी न्याहारी हा खरोखर जिवाचा प्रश्न असतो ते मधुमेही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत, आणि खेड्यांतले प्रमाणही आता नऊ टक्क्यांजवळ आहे. म्हणजे येडशीहून धाराशिवला जाणाऱ्या भरलेल्या एसटीत चार-पाच मधुमेही असणे यात नवल नाही. त्यांच्यातल्या कोणाला तरी “उपाशीपोटी तपासणीला या” असे सांगितलेले असते. तो माणूस काय करतो? पहाटे उठतो, नेहमीची गोळी घेतो किंवा इन्सुलिन टोचून घेतो, कारण ते चुकवायचे नाही हे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असते. खात मात्र काही नाही, कारण उपाशी यायला सांगितले आहे. वीसेक किलोमीटरचा प्रवास, केसपेपरची रांग, रक्त द्यायची रांग. औषधाने साखर खाली आणलेली आणि पोटात काहीच नाही. मग घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे असंबद्ध होते. रांगेतले लोक म्हणतात, उन्हाने चक्कर आली. ती साखर घटल्याची चक्कर असते आणि वेळीच ओळखली नाही तर माणूस बेशुद्ध होतो. वय झालेल्यांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत धोका जास्त.

अशा वेळी शुद्धीवर असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, तपासणी बुडाली तरी हरकत नाही. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि त्यानंतर खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, त्याला सरळ आत न्यावे.

हे टाळायचा मार्ग सोपा आहे. उपाशीपोटीच्या तपासणीला जाताना मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन बरोबर न्यायचे, घरी घ्यायचे नाही. रक्ताचा नमुना देऊन झाला की मग औषध घ्यायचे आणि खायचे. रात्रीचे इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्याचे काय करायचे हे आदल्या भेटीतच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. रक्तदाबाची गोळी मात्र सहसा चुकवायची नसते, ती पाण्याबरोबर पहाटेच घ्यावी. आणि पिशवीत फाइलबरोबर दोन धपाटे असावीत. नमुना दिल्यावर दवाखान्याबाहेर काय मिळेल, किती वाजता मिळेल, कसल्या तेलातले मिळेल, याची चिंता उरत नाही. उन्हाळ्यात दही प्रवासात आंबते, म्हणून त्या दिवसांत चटणीवर भागवावे.

शेवटची गोष्ट जेवणानंतरच्या साखरेची, कारण तिचे आकडे चुकीचे येण्याचे मोठे कारण हीच न्याहारी असते. साखर चांगली दिसावी म्हणून कित्येक जण त्या दिवशी नुसता बिनसाखरेचा चहा पिऊन दुसरा नमुना देतात. आकडा छान येतो, डॉक्टर औषध तेच ठेवतात, आणि घरी रोज पोहे आणि चहाने साखर किती चढते ते कोणालाच कळत नाही. उलट काही जण उपास सुटला म्हणून दोन वडापाव आणि वर जिलेबी खातात आणि आकडा पाहून औषध वाढते. त्या दिवशी तेच खावे जे रोज खाता, तेवढेच खावे, रोजचे औषध घेऊन खावे. आणि दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, शेवटच्या घासापासून नव्हे. धपाटे सोडताना घड्याळ पाहून केसपेपरच्या मागे वेळ लिहून ठेवली तर प्रयोगशाळेच्या खिडकीशी ती आठवत बसावी लागत नाही.